चुलीचा धूर: आधी वाऱ्याला आत घ्या

मागच्या अंगणातल्या चुलीवर आत्या भाकरी भाजत होती आणि तव्यावर वरून काळं काहीतरी येऊन पडलं. काजळीचा पापुद्रा. मग दुसरा. आम्ही दोघांनी वर पाहिलं. महिन्याभरापूर्वी मी हौसेनं बसवून दिलेल्या धुराड्यातून बाहेरची हवा सरळ खाली येत होती, येताना नळीतली काजळी खरवडून आणत होती, आणि धूर खोलीभर कोंडला होता. भिंतीवरचा नवा बारा इंची पंखा गरगरत होता. दार लोटलेलं होतं, कारण मांजर.

"पैसे घालून धूर विकत आणलास रे," आत्या म्हणाली.

रामबागेतलं जुनं घर. गॅस घरात चाळीसेक वर्षांपासून आहे, रोजचा स्वयंपाक त्यावरच होतो. पण इंदूरच्या मराठी घरात चूल सुटत नाही, कारण बाफले, म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, गॅसवर होत नाहीत. कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात भाजलेला बाफला आणि ओव्हनमधला बाफला यांत काय फरक, हे ज्यानं दोन्ही खाल्ले त्याला सांगावं लागत नाही. शिवाय भाकरी, भरिताची वांगी, दिवाळीच्या अभ्यंगाचं पाणी. म्हणजे आठवड्यातून तीन-चार दिवस चूल पेटतेच, आणि आत्याचं वय चौऱ्याहत्तर.

माझं आयुष्य घरांचे नकाशे काढण्यात गेलं, तरी ही खोली नीट व्हायला मला तीन खटपटी कराव्या लागल्या. चुकलो कुठे ते सांगतच पुढे जातो, म्हणजे तुमचा पत्रा आणि मजुरी वाचेल. मुख्य चूक एकच होती आणि ती जवळजवळ सगळेच करतात: धूर बाहेर कसा जाईल याचा विचार केला, हवा आत कुठून येईल याचा केला नाही.

धूर वर का जातो, आणि कधी जात नाही

धुराड्याला स्वतःची ताकद नसते. नळीतली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर सरकते आणि मागे रिकामी होणारी जागा खोलीतली हवा भरते. ही ओढ दोनच गोष्टींवर ठरते: नळीची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. बाहेर २० अंश असेल, नळीत सरासरी १५० अंश असेल आणि नळी तीन मीटर उंच असेल, तर ओढ भरते साधारण ११ पास्कल. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे जवळपास १० पास्कल. एवढ्याशा जोरावर सगळा संसार चालतो.

दार-खिडकी बंद असलेल्या खोलीतला पंखा याहून कितीतरी जास्त ओढतो. त्याला हवा हवी असते, ती दारातून मिळाली नाही तर तो मिळेल तिथून घेतो, आणि वर उघडी असलेली सर्वांत सोयीची वाट म्हणजे धुराडं. आत्याच्या तव्यावर काजळी पडली ती अशी. पंखेवाल्या दुकानदारानं "बारा इंची घ्या, धूर राहणारच नाही" असं सांगितलं होतं. त्यानं चूल पाहिली नव्हती, दार पाहिलं नव्हतं, आणि मीही त्याला काही विचारलं नव्हतं.

पहिलं काम: उदबत्ती आणि टेप

काहीही विकत घेण्याआधी एक दिवस नुसतं बघण्यात घालवा. चूल पेटवा, नेहमीचा स्वयंपाक करा, आणि एक उदबत्ती हातात घेऊन खोलीभर फिरा. दाराच्या फटीपाशी धरा, खिडकीच्या खालच्या आणि वरच्या कडेला धरा, छताच्या कोपऱ्यांत धरा. रेष कुठे आत वाकते, कुठे बाहेर, कुठे नुसती तरंगत राहते, ते भिंतीवर खडूनं बाण काढून ठेवा. हे एकदा दार उघडं ठेवून करा आणि एकदा लोटून. जमलं तर सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा.

मग भिंतीवरचा काळा पट्टा पाहा. चुलीच्या खोलीत धूर छताखाली साठतो आणि हळूहळू खाली उतरतो. जिथपर्यंत भिंत काळवंडली आहे तिथपर्यंत तो रोज उतरतो असं समजा. आत्याच्या खोलीत हा पट्टा जमिनीपासून साडेचार फुटांवर होता, म्हणजे उभ्या माणसाचं तोंड रोज धुरात. आजी-पणज्या चुलीपुढे पाटावर बसून का करायच्या, त्याचं एक कारण इथेही असावं, असं मला वाटतं.

खोलीचं माप घ्या. आमची दहा फूट बाय आठ, उंची साडेनऊ. पूर्वेला अंगणात उघडणारं दार, पश्चिमेला बोळाकडे छोटी खिडकी, तिच्यावर स्लॅबपासून एक फूट खाली उजालदान, म्हणजे झरोका. हो, आम्ही त्याला उजालदानच म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसतात. ते तीन रंगांच्या थरांखाली कायमचं चिकटून बसलं होतं.

दुसरं काम फुकटात होतं: सरपण

निम्मा धूर लाकडातच असतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उकळून जाईपर्यंत जाळाची उष्णता त्यातच खर्च होते, ज्वाळ थंड पडते, आणि जी वाफारलेली द्रव्यं जळून जायला हवीत ती धूर होऊन निघतात. ओलावा २० टक्क्यांच्या आत आला की तेच लाकूड स्वच्छ जळतं.

तेव्हा लाकूड फोडून ठेवा, आख्खे ओंडके वाळत नाहीत. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या पुरे. जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा लोखंडी चौकटीवर रचा, वरून पत्रा टाका आणि बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड घामेजतं, वाळत नाही. इंदुरात पाऊस जूनच्या मध्यावर येतो, म्हणून वर्षाचं सरपण होळीपर्यंत फोडून मेपर्यंत उन्हात ठेवायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: टणक, खणखणीत आवाज आला तर लाकूड तयार आहे, दबका आला तर ओलं आहे.

बाभूळ उत्तम, जाळ सावकाश आणि निखारा टिकाऊ. जुन्या दारांची रंगवलेली लाकडं, प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या चुलीत घालू नका. त्यातला गोंद आणि रंग जळून जे निघतं ते जेवणातही उतरतं आणि छातीतही. दुधाची पिशवी पेटवून जाळ धरायची सवय असेल तर ती आजच मोडा. रॉकेलचंही तेच.

आणि जाळ पेटवताना काटक्या भरपूर, लाकूड कमी. सुरुवातीची दहा मिनिटं सर्वांत धुराची असतात. चुलीचं तोंड लाकडांनी ठासून भरलं की हवेला जागाच उरत नाही. आत्याला हे सांगायला गेलो तर तिनं मलाच ऐकवलं की ती पन्नास वर्षं चूल पेटवते आहे. मग तिनं फुंकणी बाजूला ठेवली आणि तीन लाकडं काढून घेतली.

चूलच थोडी सुधारा

सपाट तळाच्या मातीच्या चुलीत लाकूड राखेत लोळतं आणि खालून हवा मिळत नाही. सळईचे चार तुकडे समांतर ठेवून जाळी करा, तळापासून दोन-अडीच इंच वर. लाकूड जाळीवर, राख खाली, आणि खालच्या फटीतून हवा. एवढ्यानं जाळ मोकळा झालेला त्याच दिवशी दिसतो.

भांडं चुलीच्या तोंडावर नीट बसू द्या. भांडं लहान आणि वैल, म्हणजे भांडं ठेवायचं भोक, मोठा असेल तर सगळीकडून धूर सुटतो, तिथे लोखंडी कडं टाका. पण अगदी गच्चही बसवू नका, मागची धुराची वाट वेगळी नसेल तर जाळाला श्वास उरत नाही. मागचा वैल रिकामा असेल तेव्हा त्यावर झाकण हवंच. हे साधं झाकण नसल्यामुळे चांगल्या चांगल्या चुली बदनाम होतात.

१९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम घेतला. त्यातल्या बऱ्याच चुलींना तीन इंची सिमेंटची नळी असायची, आणि ती साफ करायला कुणी शिकवलं नाही, म्हणून काही महिन्यांतच ती काजळीनं बुजायची. मग बायका ती नळी काढून टाकायच्या आणि चूल पुन्हा जुनी व्हायची. नळीच्या जाडीवर पुढे मी जो हट्ट धरणार आहे तो यासाठी. तुमच्याकडे तशी जुनी सिमेंटची नळी असेल तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच आहे. ती कापू नका, तिला भोक पाडू नका, घासूही नका. ओली करून, आख्खीच्या आख्खी उतरवा.

हवा आत

आता मुख्य काम. हवेची आत येणारी वाट खाली हवी, चुलीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली, आणि ती कायम उघडी हवी. दार उघडं ठेवू असं ठरवलं तर ते कधीतरी लोटलं जाणारच. आमच्याकडे मांजर, तुमच्याकडे पाऊस असेल, शेजारीण असेल.

मोजमाप सोपं ठेवा: आत येणाऱ्या वाटेचं क्षेत्रफळ धुराड्याच्या छेदाच्या किमान दीडपट ते दुप्पट. आठ इंची गोल नळीचा छेद ५० चौरस इंच भरतो, म्हणजे ७५ ते १०० चौरस इंच उघडी जागा. दहा बाय दहा इंचाचं एक भोक झालं. त्यावर उंदीर-पालींसाठी जाळी लावणार असाल तर जाळीच्या तारा बरीच जागा खातात, म्हणून भोक आणखी मोठं घ्या आणि जाळी अर्ध्या इंचाची ठेवा. डासांची बारीक जाळी इथे नको, पीठ आणि काजळीनं ती महिन्यात बुजते.

कुठल्या भिंतीला? इंदुरात पावसाळ्यात वारा जोरात येतो तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. थंडीत तो बऱ्याचदा उत्तरेकडे, ईशान्येकडे वळतो. आम्ही पश्चिमेच्या भिंतीत जमिनीपासून सहा इंचांवर भोक पाडलं आणि बाहेरून उतरता पत्रा लावला, म्हणजे पावसाचा फटकारा आत येत नाही. शिवाय पूर्वेच्या दाराच्या खालची पट्टी दोन इंच कापून काढली. वारा कुठूनही आला तरी एक तरी वाट चालू राहते. ते भोक चुलीच्या तोंडासमोर थेट येणार नाही एवढं बघा, नाहीतर झुळूक ज्वाळ बाहेर ढकलते आणि भाकरीवालीच्या तोंडावर धूर येतो. दोन-तीन फूट बाजूला असलेलं बरं.

थंडीत आत्या तक्रार करते की पायाला गार लागतं. खरं आहे. माळव्यातल्या रात्री किती गार होतात ते इथे राहणाऱ्याला ठाऊक आहे. मी तिला एक जाड बस्कर आणून दिलं, भोक बुजवलं नाही.

छत्री आणि धुराडं

चुलीला मागून बंद वाट काढून ती सरळ नळीला जोडता आली तर ते सर्वांत स्वस्त आणि कमी पत्र्यात होतं. तिथे सहा इंची नळी पुरते. पण भाकरी जाळापुढे उभी करून फुगवायची असेल, वांगं निखाऱ्यात ठेवायचं असेल, तर चुलीचं तोंड उघडं राहणारच आणि तिथून धूर सुटणारच. अशा वेळी वरती छत्री हवी. पत्रेवाला तिला हूड म्हणाला, आत्यानं छत्री म्हटलं, आम्हीही तेच म्हणतो.

माझी दुसरी चूक इथली. पहिली नळी मी चार इंचांची घेतली होती, कारण दुकानात ती तयार होती. छत्रीखाली धुराबरोबर खोलीतली बरीच हवाही ओढली जाते, मिश्रण निवतं, ७० अंशांच्या आसपास येतं. मग साडेतीन मीटर उंचीलाही ओढ सहा पास्कलच्या जवळपासच उरते. इतक्या क्षीण ओढीला नळी रुंद हवी. चार इंची आणि आठ इंची नळीत क्षेत्रफळाचा फरक दुपटीचा नाही, चौपटीचा आहे. छत्रीला सहाच्या खाली जाऊ नका, आठ घ्या.

छत्री चुलीच्या प्रत्येक उघड्या बाजूनं किमान सहा इंच पुढे यावी. चूल कोपऱ्यात असेल तर दोन भिंती फुकटात दोन बाजू बंद करतात, धुराला फाटे फुटत नाहीत. आमची चूल गुडघ्यांच्या त्रासामुळे दोन फुटी ओट्यावर घेतली आहे. छत्रीची खालची कड चुलीच्या माथ्यापासून अडीच फूट वर ठेवली. जितकी खाली तितकी ओढ चांगली, पण डोकं आपटणार नाही हे आधी. कड आत वळवून गोल करायला सांगा, नाहीतर पत्र्याची धार कपाळाला लागते. बाजूंचा उतार ४५ अंशांपेक्षा उभा ठेवा. चपट्या छत्रीत धूर अडतो, रेंगाळतो आणि पुढच्या कडेवरून बाहेर सांडतो.

पत्रा कुठला घ्यावा यावर पत्रेवाल्याशी माझा वाद झाला. जाळापासून पहिले तीन फूट काळा पत्रा घ्या, दीड-दोन मिलिमीटरचा. जस्त चढवलेला पत्रा स्वस्त आणि चकचकीत असतो, पण जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं आणि फार तापलं तर त्याची वाफ छातीला बाधते. जाळाची झळ बसते तिथे तो नको. वर, जिथे धूर निवलेला असतो, तिथे २२ किंवा २४ गेजचा जस्ताचा पत्रा चालतो. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील सगळ्यांत उत्तम.

नळीचे तुकडे एकमेकांत बसवताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं. पत्रेवाला उलटं करेल आणि म्हणेल, "भिया, धूर फटीतून बाहेर येईल." येत नाही. ओढ असताना नळीत दाब खोलीपेक्षा कमी असतो, फटीतून हवा आतच जाते. उलट, थंड नळीत जमणारा डांबरासारखा चिकट रस खाली ओघळतो आणि चुकीच्या जोडातून थेट भिंतीवर येतो. तो डाग निघत नाही.

नळी शक्य तितकी सरळ उभी न्या. वळण घ्यावंच लागलं तर ४५ अंशांचं, आणि दोनपेक्षा जास्त नको. काटकोनात आडवी नेलेली नळी म्हणजे काजळी साठवायचा डबा.

स्लॅबमधून नळी काढायची तर कोअर कटिंगवाल्याकडून, म्हणजे यंत्रानं गोल भोक कापणाऱ्याकडून, भोक पाडून घ्या आणि सळया कुठे आहेत ते आधी कुणा जाणकाराला दाखवा. मिस्त्रीला छिन्नी-हातोडी देऊन सोडू नका. नळीपेक्षा दोन-तीन इंच मोठं भोक, मधल्या जागेत सिरॅमिक वूल, म्हणजे न जळणारा लोकरीसारखा भराव, वर उतरती पत्र्याची कॉलर. जुन्या वाड्यात, कौलारू छतात, नळी आणि लाकडी वासे-तुळया यांत निदान दीड फूट अंतर हवं. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ लागतं. तेवढी जागा नसेल तर नळी भिंतीतून बाहेर काढा, दोन ४५ अंशांची वळणं देऊन बाहेरून वर न्या. बाहेरची नळी थंड पडून ओढ घटते, तेव्हा आतून जितकी उंची मिळेल तितकी आधी घ्या.

गच्चीवर किती उंच? नियम साधा आहे: छताच्या वर किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिचा माथा सहा फुटांवर. म्हणजे धुराडं आठ फूट. टाकीच्या आडोशाला वारा गोल फिरतो आणि धूर खाली दाबतो, म्हणून हा खटाटोप. एवढ्या उंच नळीला तीन बाजूंनी तारा ताणून बांधा, नाहीतर मे महिन्यातल्या वावटळीत ती शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडेल. शेजाऱ्याची खिडकी, बाल्कनी, कूलर कुठे आहे तेही बघा. धूर त्याच्या कूलरमधून त्याच्या झोपायच्या खोलीत गेला तर तुमचं काम झालेलं नाही.

वर टोपी हवीच, पावसासाठी. नळीचं तोंड आणि टोपी यांत निदान नळीच्या व्यासाच्या निम्मी फट ठेवा, आठ इंचीला चार इंच. पक्ष्यांसाठी जाळी लावणार असाल तर मोठ्या भोकांची.

नळीत झडप बसवायची असेल तर तिला कधीच पूर्ण बंद होता येणार नाही अशी करा, मधोमध दोन इंचांचं भोक ठेवून. कारण पुढे येतंच.

धुराडं जमत नसेल, भाड्याचं घर असेल, तर किमान वरची वाट मोठी करा. धूर छताला चिकटून साठतो, म्हणून झरोका छताला अगदी टेकून हवा. स्लॅबखाली एक फूट सोडून काढला तर तेवढा एक फुटाचा थर कायम तिथेच राहतो. तो आत येणाऱ्या वाटेच्या समोरच्या भिंतीत काढा, वाऱ्याच्या पाठीकडे. आमचं जुनं उजालदान नेमकं पश्चिमेला होतं, पावसाळी वाऱ्याच्या तोंडावर. ते उघडूनही धूर परतच यायचा.

पंख्याचं काय करायचं

चिमणी हा शब्द मराठीनं फार राबवला आहे. अंगणात दाणे टिपणारी चिमणी, रॉकेलची चिमणी, गिरणीची चिमणी, आणि आता गॅसच्या ओट्यावरची विजेची चिमणी. ही शेवटची चुलीवर लावू नका. तिची जाळी आणि आतली मोटर तेलकट वाफेसाठी असते, लाकडाच्या धुरानं ती काही दिवसांत चोंदते, आणि तेलानं माखलेल्या जाळीत ठिणगी गेली तर पेटते.

साधा एक्झॉस्ट पंखा चालतो, पण तो आणि धुराडं एकाच खोलीत एकाच वेळी चालवायचं असेल तर आत येणारी वाट कितीतरी मोठी लागते, म्हणजे दार सताड उघडंच. नळी अजिबात नसेल तरच पंख्यावर भिस्त ठेवा. मग तो छताला टेकून, समोरच्या भिंतीत, खाली मोठी उघडी वाट ठेवून बसवा. खोलीतली हवा तासाला वीसेक वेळा बदलावी असं मी धरतो. आमची खोली साडेएकवीस घनमीटरची, म्हणजे तासाला ४३० घनमीटर. पंख्याच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या. पात्यांवर काजळी बसली की तो घटतो, म्हणून थोडा वरचाच घ्या, आणि पाती लोखंडी.

आमचा पंखा अजून भिंतीवर आहे. चूल विझल्यावर, मिरच्यांची फोडणी डोक्यात गेली की आत्या दार उघडून तो लावते. चूल पेटलेली असताना त्याच्या बटणावर कागदी टेप चिकटवलेली असते.

जाता जाता एक: चुलीच्या खोलीला लागून न्हाणीघर असेल आणि त्यात गॅसचा गिझर असेल, तर हाच पंखा त्याचाही धूर उलटा आत ओढू शकतो. गिझरचं न्हाणीघर वेगळं तपासा.

सिगडी आणि कंडे: जिथे धूर दिसत नाही

लाकडाचा धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून बाहेर जातो. पेटलेल्या कोळशाला धूर नसतो, वास जवळजवळ नसतो, आणि कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त तिथेच तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि गुंगीत असलेल्या माणसाला उठून खिडकी उघडायचं सुचत नाही. दर थंडीत बंद खोलीत सिगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या येतात. म्हणून कोळशाची सिगडी पेटवायची ती अंगणात, आणि शेकोटी म्हणून खोलीत न्यायचीच नाही. झडपेला भोक ठेवायला सांगितलं तेही यासाठीच: रात्री निखारे धुमसत असतात आणि कुणीतरी ऊब टिकावी म्हणून नळी बंद करतं.

बाफल्यांचे कंडे तर मी खोलीत पेटवूच देत नाही. शेणाच्या गोवऱ्या पेटताना लाकडाहून जास्त धूर करतात. अंगणात विटांचं आळं करून त्या पेटवायच्या, धूर सरून निखारा पांढरट झाला की मग उकडून घेतलेले बाफले त्यात. तोवर आत चुलीवर डाळ शिजते. पाहुणे अंगणातच बसलेले असतात, वारा जिकडून येतो त्या बाजूला.

बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइडचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. नळी, छत्री सगळं झालं तरी ते घ्या, आणि माणूस बसतो किंवा झोपतो त्या उंचीला लावा, चुलीच्या डोक्यावर नाही. ते वाजलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, चूल मग.

झालं का ते तपासा

पुन्हा उदबत्ती. चूल पेटलेली, दार लोटलेलं. छत्रीच्या कडेला चारही बाजूंनी धरा, रेष सगळीकडे आत वाकली पाहिजे. पुढच्या कोपऱ्यांत ती बाहेर फुटत असेल तर छत्रीला बाजूनं सहा इंचांची पत्र्याची झालर लावा, आम्हाला लावावी लागली. खालच्या भोकापाशी रेष आत यायला हवी. तिथे ती स्थिर असेल तर हवा दुसरीकडून येते आहे, ती वाट शोधा.

हवेतल्या बारीक कणांसाठी आपल्याकडचं प्रमाण २४ तासांच्या सरासरीनं घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ते १५ सुचवलं. कण मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर चुलीपाशी, छत्रीबाहेर आणि शेजारच्या खोलीत ठेवून बघा. नसेल तर पांढरा कपडा छताजवळ आठवडाभर टांगा आणि त्याच्याकडे बघा.

साफसफाई

धुराड्याच्या तळाशी, वळणाच्या खाली, उघडता येणारं झाकण ठेवून घ्या. ते नसेल तर कुणीही साफ करणार नाही. आतला थर तीन मिलिमीटर झाला की काढायचा. ओलं लाकूड जाळलंत तर तो महिन्या-दोन महिन्यांत होतो, वाळलेलं असेल तर वर्षातून दोनदा पुरतं. तारेचा ब्रश बांबूला किंवा दोरीला बांधून गच्चीवरून सोडायचा, खाली झाकणापाशी पोतं बांधून ठेवायचं, तोंडाला फडकं. थर चकचकीत, डांबरासारखा झाला असेल तर तो पेट घेऊ शकतो. नळीत कधी गाडी धडधडत जावी तसा आवाज आला तर चुलीचं तोंड पत्र्यानं झाका, जाळ उपाशी पाडा, घराबाहेर या आणि अग्निशमन दलाला फोन करा. तापलेल्या नळीवर पाणी ओतू नका.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किमान दोन दिवस ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभर जगतो. ती गरम गरम कचऱ्याच्या गाडीत टाकलीत तर गाडीतला सुका कचरा पेटेल आणि स्वच्छतेचा मान मिरवणाऱ्या या शहरात तुमच्या घराचं नाव त्या निमित्तानं घेतलं जाईल.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चूल पेटवाल तेव्हा नळी थंड आणि दमट असते, ओढ धरत नाही. छत्रीच्या तोंडाशी चिमट्यात धरून एक वर्तमानपत्र जाळा, नळी गरम होऊ द्या, मग चूल पेटवा. तरीही धूर परत आला तर जाळ वाढवू नका, गच्चीवर जाऊन टोपी काढून बघा. गेल्या दसऱ्याला आमच्या नळीत काड्या, कापूस आणि एक राखीचा गोंडा निघाला. आत्यानं ते घरटं तसंच्या तसं खिडकीत ठेवलं आणि मला टोपीला जाळी लावायला पाठवलं.